लहान-मोठ्या कोंबड्या एकाच खुराड्यात: खाद्य कोणते निवडावे आणि कसे द्यावे

महिन्या-दोन महिन्यांची पिल्ले, अंड्यावर येऊ घातलेल्या तलंगा, भर अंड्यावरच्या कोंबड्या, पिसे झडत असलेल्या जुन्या कोंबड्या आणि एखाद-दुसरा कोंबडा असा कळप एकत्र असला की खाद्याचे पोते आणतानाच पेच पडतो. तयार खाद्य एका ठरावीक वयाच्या पक्ष्यासाठी बनवलेले असते. मोठ्या शेडमध्ये सगळे पक्षी एकाच दिवशी उबलेले असतात, म्हणून तिथे ते चालून जाते. घरच्या कळपात मोठी कोंबडी पिल्लांच्या भांड्यात चोच घालते आणि पिल्लू मोठ्यांच्या. कोणी काय खावे हे आपण ठरवू शकत नाही. भांड्यात काय असावे, एवढेच आपल्या हातात असते.

म्हणून नियम असा: कळपातल्या सर्वांत लहान पक्ष्याला जे खाद्य निर्धोक आहे तेच सगळ्यांना द्या आणि अंड्यावरच्या कोंबड्यांना लागणारे कॅल्शियम वेगळ्या भांड्यात ठेवा. दोन वेगवेगळी खाद्ये अर्धी-अर्धी मिसळून मधला मार्ग काढायला जाऊ नका. तो मार्ग का फसतो ते पुढे आकड्यांनिशी येईलच.

प्रथिनांपेक्षा कॅल्शियम महत्त्वाचे

पोत्यावर सगळ्यांची नजर प्रथिनांच्या आकड्यावर जाते. पण वेगवेगळ्या वयांच्या खाद्यांत प्रथिनांचा फरक फारसा नसतो. अंड्याच्या जातींच्या पिल्लांना पहिले आठ आठवडे स्टार्टर लागते. त्यात १८ ते २० टक्के प्रथिने असतात. त्यानंतर साधारण सतराव्या आठवड्यापर्यंत ग्रोवर, त्यात १५ ते १६ टक्के. अंडी सुरू झाली की लेयर, त्यात १६ ते १८ टक्के. म्हणजे सगळा खेळ दोन-चार टक्क्यांचा.

आता कॅल्शियम पाहा. स्टार्टर आणि ग्रोवर दोन्हींत ते साधारण १ टक्का असते, लेयरमध्ये ३.५ ते ४.२ टक्के. म्हणजे जवळजवळ चौपट. मोठ्या कोंबडीने पिल्लांचे खाद्य खाल्ले तर थोडी जास्त प्रथिने पोटात जातात. ती विष्ठेवाटे निघून जातात, फार तर खालचा भुसा लवकर ओला होतो आणि अमोनियाचा वास वाढतो. पिल्लाने लेयर खाद्य आठवडेच्या आठवडे खाल्ले तर मात्र त्याचे मूत्रपिंड बिघडते, आणि ते पुन्हा पूर्वीसारखे होत नाही.

हे होते कसे? अंडे देणाऱ्या कोंबडीकडे जास्तीच्या कॅल्शियमला वाट असते, रोजचे कवच. पिल्लाकडे ती वाट नाही. हाडांना लागेल तेवढे ते घेते आणि उरलेले मूत्रपिंडांना बाहेर टाकावे लागते. हे ओझे पेलेनासे झाले की मूत्रवाहिनीत खडे धरतात, त्यामागचा मूत्रपिंडाचा भाग सुकत जातो आणि रक्तातले युरिक आम्ल बाहेर न पडता साठू लागते. अशा पक्ष्याचे शवविच्छेदन केले तर हृदयावर आणि यकृतावर खडूची भुकटी फासल्यासारखा पांढरा थर दिसतो. त्याला गाऊट म्हणतात. शिवाय जास्तीचे कॅल्शियम फॉस्फरस आणि जस्त यांना धरून ठेवते. मग पिल्लाची वाढ मंदावते, पाय अशक्त राहतात.

बाहेरून दिसणारी लक्षणे तुटपुंजी असतात: पिल्लू पाणी जास्त पिते, विष्ठा पातळ आणि चुन्यासारखी पांढरी होते, पंख सैल सोडून ते कोपऱ्यात बसते. कित्येकदा तर काहीच दिसत नाही. मूत्रपिंडाचा धड राहिलेला भाग काम ओढत राहतो, तलंग वाढते, अंड्यावरही येते आणि भर अंड्यात असताना अचानक मरते. त्या वेळी चार महिन्यांपूर्वीचे खाद्य कोणालाच आठवत नाही. म्हणूनच ‘आमच्या पिल्लांनी लेयरच खाल्ले, काही झाले नाही’ हा पुरावा धरू नका.

एखाद्या दिवशी पिल्लाने मोठ्यांच्या भांड्यात चोच मारली तर घाबरण्याचे कारण नाही. नुकसान होते ते रोजच्या खाण्याने.

कोंबडीला कॅल्शियम किती लागते

अंड्याचे कवच पाच ते सहा ग्रॅमचे असते आणि ते जवळपास सगळे कॅल्शियम कार्बोनेटच. त्यात निव्वळ कॅल्शियम दोन ग्रॅमच्या थोडे वर. खाल्लेल्या कॅल्शियमपैकी निम्म्याच्या आसपासच अंगी लागते, म्हणून भर अंड्यावरच्या कोंबडीला रोज सुमारे ४ ग्रॅम मिळावे लागते.

ती दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते. खाद्यात १ टक्का कॅल्शियम असेल तर तिला १.१ ग्रॅम मिळाले. उरले २.९ ग्रॅम. शिंपल्याच्या किंवा चुनखडीच्या ग्रिटमध्ये, म्हणजे बारीक खड्यांमध्ये, सुमारे ३८ टक्के कॅल्शियम असते, म्हणजे ही तूट भरायला रोज ७ ते ८ ग्रॅम ग्रिट हवे. हा आकडा लक्षात ठेवा. अंड्यावरच्या आठ कोंबड्या असतील तर रोज ६० ग्रॅम, आठवड्याला ४०० ग्रॅमच्या वर ग्रिट संपायला हवे. महिन्यात अर्धी वाटीही कमी होत नसेल तर भांड्याची जागा, खड्यांचा आकार किंवा ग्रिट, यांपैकी काहीतरी चुकले आहे आणि पातळ कवचाची अंडी फार दूर नाहीत.

आता ते ‘अर्धे-अर्धे’. १ टक्क्याचे ग्रोवर आणि ३.८ टक्क्यांचे लेयर समसमान मिसळले की कॅल्शियम होते २.४ टक्के. पिल्लाच्या गरजेच्या ते दुप्पट-अडीचपट, आणि कोंबडीला मिळतात जेमतेम २.६ ग्रॅम. पिल्लाला अपाय झाला आणि कोंबडीचेही भागले नाही. त्यात भर म्हणजे खाद्यात बरेच कॅल्शियम आधीच असल्याने कोंबडी ग्रिटकडे म्हणावी तशी वळत नाही.

कळप पाहून खाद्य

सर्वांत लहान पक्षी आठ आठवड्यांच्या आतला असेल तर सगळ्या कळपाला स्टार्टर. १८ टक्क्यांचे मिळाले तर उत्तम. २० टक्क्यांचेही चालते, पण मोठ्यांसाठी ते उगाच महागात जाते.

सर्वांत लहान पक्षी आठ आठवड्यांच्या पुढचा, पण अजून कोणी तरी अंड्यावर यायचे आहे, अशा वेळी १६ ते १८ टक्के प्रथिने आणि १ टक्क्याच्या आसपास कॅल्शियम असलेले खाद्य सगळ्यांना. ‘सर्व वयांसाठी’ किंवा ‘ऑल फ्लॉक’ असे लिहिलेले पोते मिळत असेल तर तेच घ्या. मिश्र कळपाला ते वर्षभर पुरते आणि बदलाबदलीची कटकट राहत नाही. नुसते ग्रोवर घेणार असाल तर १५ टक्क्यांचे नको, १६ च्या वरचे बघा. भर अंड्यावरच्या कोंबडीला १५ टक्के कमी पडतात. अंडी लहान होतात आणि काही आठवड्यांत संख्या घसरते.

कळपातली शेवटची तलंगही अंडी देऊ लागली की लेयर खाद्याला हरकत नाही. पहिल्या तलंगेने अंडे दिले म्हणून घाई करू नका, मागे राहिलेलीकडे बघा. लेयर खाद्य लवकर दिल्याने अंडी लवकर येत नाहीत. अंड्यावर येणे जात, वय, वजन आणि दिवसाचा उजेड यांवर ठरते.

वेगळ्या ग्रिटचा मोठा फायदा तलंगांच्या बाबतीत दिसतो. पहिल्या अंड्याच्या आधी साधारण दोन आठवडे तलंग आपल्या लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा साठा करू लागते. याच सुमारास तुरा लालभडक होतो, पाठीवर हात ठेवला की ती खाली बसते, अंड्याच्या खोक्यात डोकावू लागते. ग्रिट समोर असेल तर ती आपणहून त्याच्याकडे वळते. प्रत्येक तलंग आपापल्या वेळेला वळते. हे काम कोणत्याही एका पोत्याने साधत नाही.

पिसे झडणाऱ्या कोंबडीची गरज नेमकी उलटी. तिचे अंडे बंद, म्हणून कॅल्शियमची गरज घटलेली. आणि पीस म्हणजे ८५ टक्क्यांहून जास्त प्रथिनच, म्हणून प्रथिनांची, त्यातही मेथिओनिन या प्रथिनांतल्या एका घटकाची (अमिनो आम्लाची) गरज वाढलेली. १८ टक्क्यांचे सर्व वयांसाठीचे खाद्य तिला लेयरपेक्षा जास्त मानवते. कोंबड्याचेही तसेच. त्याला लेयरमधल्या कॅल्शियमचा काही उपयोग नाही, निष्कारण मूत्रपिंडांवर भार. वर्षानुवर्षे लेयर खाऊन टिकलेले कोंबडे पुष्कळ दिसतात, पण पर्याय असताना तो भार का टाकावा?

खुडूक कोंबडीने पिल्ले काढली असतील तर तिच्यासाठी वेगळे काहीच नको. पिल्लांसोबत असताना ती कित्येक आठवडे अंडी देत नाही, त्यामुळे पिल्लांचे स्टार्टर तिलाही योग्यच. आईसोबतच्या पिल्लांना मोठ्यांचे लेयर खाऊ घालणे हीच इथली नेहमीची चूक. आई भांड्याशी उभी राहून साद घालते आणि पिल्ले तिथेच खातात.

मांसाच्या जलद वाढणाऱ्या जाती मात्र या कळपात ठेवू नका. त्या भांड्यापासून हलत नाहीत, बाकीच्यांना हटवतात. आणि त्यांना दिवसभर भांडे खुले ठेवले तर वजनाने त्यांचेच पाय आणि हृदय थकते.

पोत्यावर काय वाचायचे

चार गोष्टी बघा. कॅल्शियमचा आकडा सर्वांत आधी: २ टक्क्यांच्या वर असेल तर ते वाढत्या पक्ष्यांचे खाद्य नाही, मग नाव काहीही असो. प्री-लेयरमध्ये (अंड्यावर येण्याआधीच्या खाद्यात) २ ते २.५ आणि ब्रीडर खाद्यात (उबवणीची अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या) ३ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून पिल्ले असताना तीही नकोत. मग प्रथिने. मग बनवल्याची तारीख. आणि चौथी गोष्ट औषध.

पिल्लांच्या स्टार्टरमध्ये बऱ्याचदा रक्ती हगवणीवरचे, म्हणजे कॉक्सिडिओसिसचे औषध मिसळलेले असते: अँप्रोलियम, सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन, निकार्बाझिन अशी नावे पोत्यावर दिसतील. अंड्यावरच्या कोंबड्यांनी ते खाल्ले तर औषधाचा अंश अंड्यात उतरू शकतो. निकार्बाझिनने तर तपकिरी अंड्यांचा रंग फिका पडतो आणि उबवणही घटते. म्हणून संपूर्ण कळपाला स्टार्टर देणार असाल तर बिनऔषधाचेच घ्या. औषधी स्टार्टरच देणे भाग असेल तर ते संपेपर्यंत पिल्ले जाळीपलीकडे वेगळी ठेवा. मोठ्यांनी चुकून खाल्ले तर पोत्यावर जेवढे दिवस लिहिले असतील तेवढे दिवस अंडी खाऊ नका. पिल्लांना या रोगाची जिवंत लस दिलेली असेल तर औषधी खाद्य लसही निकामी करते. हे सांगायचे राहून जाते, म्हणून पिल्ले आणताना आवर्जून विचारा.

‘कॉन्सन्ट्रेट’ लिहिलेले पोते थेट खाऊ घालायचे नसते. त्यात ३५ ते ४० टक्के प्रथिने असतात आणि ते सांगितलेल्या प्रमाणात धान्यात मिसळायचे असते. ब्रॉयलर स्टार्टर २२-२३ टक्क्यांचे असते. अडचणीत आठवडाभर पिल्लांना दिले तर हरकत नाही, पण त्यात औषध असण्याची शक्यता मोठी, आणि बिनकामाच्या मोठ्या पक्ष्यांवर त्याने चरबी चढते.

मॅश, क्रंबल की पेलेट

मिश्र कळपाला क्रंबल सर्वांत सोयीचे. पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या, भरडून केलेले हे बारीक दाणे चार दिवसांच्या पिल्लालाही गिळता येतात आणि मोठी कोंबडीही तक्रार न करता खाते. तीन-चार मिलिमीटरचे पेलेट लहान पिल्लांना जड जातात. मॅश, म्हणजे नुसते भरडून मिसळलेले सुटे खाद्य, स्वस्त पडते, पण कळपात तिचा वेगळाच त्रास आहे: मोठ्या कोंबड्या आधी येऊन मक्याचे कण टिपून नेतात आणि मागे राहिलेली भुकटी पिल्लांच्या वाट्याला येते. त्या भुकटीत क्षार आणि जीवनसत्त्वे जास्त, ऊर्जा कमी. म्हणजे पोत्यावरचे प्रमाण कोणाच्याच पोटात जात नाही. मॅशच द्यायची असेल तर दिवसातून एकदा भांडे पूर्ण रिकामे होऊ द्या, तळातली भुकटी थोड्या पाण्यात भिजवून द्या आणि तास-दोन तासांत उरलेले काढून टाका. ओले खाद्य उष्ण हवेत झपाट्याने आंबते आणि त्यावर बुरशी धरते.

ग्रिटचे भांडे

शिंपल्याचा चुरा किंवा चुनखडीचे खडे, आकार २ ते ४ मिमी. भुकटी नको. कवच मुख्यतः रात्री तयार होते आणि त्या वेळी कोंबडी काही खात नाही. खडे पोटातल्या दगडी जठरात अडकून रात्रभर हळूहळू विरघळतात, भुकटी तासाभरात पुढे सरकते. कोंबड्या ग्रिट खातात तेही दुपारनंतर आणि संध्याकाळी, म्हणून भांडे दुपारी भरलेले असावे.

चुनखडी आणि चुना यांत गल्लत करू नका. भाजलेला किंवा विरवलेला चुना दाहक असतो, त्याने चोच, घसा आणि आतडे भाजते. चुनखडीसारखा दिसणारा डोलोमाइट दगडही टाळा, त्यातल्या मॅग्नेशियमने विष्ठा पातळ होते.

भांडे खाद्याच्या भांड्यापासून निदान एक-दीड मीटर दूर, पावसाच्या झडीपासून आडोशाला आणि मोठ्या कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर टांगा. पिल्ले ग्रिट चाखून बघतात आणि सोडून देतात, कारण त्यांच्या शरीराला ती ओढ नसते. तरीही उंचीमुळे उरलासुरला धोका जातो. ग्रिट खाद्यात मिसळायचे नाही. मिसळले की निवड संपली, आणि आपण पुन्हा लेयर खाद्यापाशी येऊन पोहोचलो. अंड्यांची टरफले भाजून, चुरून या भांड्यात टाकायला हरकत नाही, पण केवळ त्यांवर विसंबू नका. टरफलातले सगळे कॅल्शियम काही नव्या कवचात उतरत नाही.

दळायच्या खड्यांचे भांडे वेगळे. कोंबडीला दात नसतात, धान्य दळायला तिला न विरघळणारे दगडी कण लागतात: पिल्लांना १-२ मिमी, मोठ्यांना ३ ते ५ मिमी. शिंपला विरघळून जातो, म्हणून तो हे काम करत नाही. मोकळ्या जमिनीवर हिंडणाऱ्या कोंबड्या कण स्वतः शोधतात. बंद खुराड्यात नुसते क्रंबल खाणाऱ्यांना त्यांची गरज जवळजवळ नसते. पण बंदिस्त पिल्लांना धान्य किंवा गवत द्यायचे असेल तर आधी दोन दिवस खडे द्या.

पिल्लांचा वेगळा घास

एकच खाद्य असले तरी पिल्लांना ते मिळेल याची खात्री नसते. मोठ्या कोंबड्या टोचून हाकलतात आणि पिल्लू दिवसभर भुकेले राहते. त्यासाठी जाळीचा एक छोटा पिंजरा करा: बाजूंना उभ्या पट्ट्या किंवा गज, दोन गजांमधली फट सुरुवातीला ५ सेंमी, पिल्ले वाढतील तशी ६-७ सेंमी. वर झाकण हवेच, नाहीतर कोंबडी उडी मारून आत उतरते. वाट दोन बाजूंनी ठेवा. एकच वाट असली की तिच्या तोंडाशी मोठी कोंबडी उभी राहते आणि पिल्लू आत अडकते. आत स्टार्टर आणि पाणी दोन्ही ठेवा. सहा ते आठ आठवड्यांत भारी जातीची पिल्ले फटीत मावेनाशी होतात, तोपर्यंत ती मोठ्यांच्या भांड्याशी टिकायला शिकलेली असतात.

या पिंजऱ्याने पिल्लांचे खाद्य मोठ्यांपासून वाचते. उलट बाजूने मात्र पूर्ण राखण होत नाही. बाहेर लेयर ठेवले आणि भांडे कितीही उंच टांगले तरी मोठ्यांनी सांडलेले दाणे पिल्ले भुशातून टिपतातच. म्हणून पिंजरा असला तरी बाहेरही कमी कॅल्शियमचेच खाद्य ठेवावे असे आमचे ठाम मत आहे.

भांड्याची कडा पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला असावी आणि भांडे एक-तृतीयांशच भरावे. काठोकाठ भरले की कोंबडी चोचीने उपसून बाहेर फेकते. वये वेगळी असल्याने एकच उंची सगळ्यांना बसत नाही. दोन भांडी दोन उंचींवर टांगा, किंवा उंच भांड्याखाली एक वीट ठेवा. मोठ्या कोंबडीला लांब पन्हाळीवर १० ते १२ सेंमी जागा लागते, गोल भांड्यावर चार-पाच सेंमी पुरते. मिश्र कळपात जागेपेक्षा भांड्यांची संख्या महत्त्वाची. दोन भांडी अशी ठेवा की एकाशी उभी असलेली दांडगी कोंबडी दुसऱ्याला बघूही शकणार नाही. पाण्याचेही तेच. खाद्याच्या वजनाच्या दुप्पट पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून बरेच जास्त. पाणी अडले की खाणे थांबते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंडे.

रोजचे माप

हलक्या, अंड्याच्या जातींसाठी दिवसाचे अंदाज असे: पहिल्या आठवड्यात १०-१२ ग्रॅम, चौथ्यात ३०, आठव्यात ५०, बाराव्यात ६५, सोळाव्यात ७५ ग्रॅम, अंड्यावर १०५ ते ११५. भारी जातींना यापेक्षा जास्त.

उदाहरण घ्या. आठ आठवड्यांची सहा पिल्ले ३०० ग्रॅम, चौदा आठवड्यांच्या चार तलंगा २८० ग्रॅम, अंड्यावरच्या आठ कोंबड्या ८८० ग्रॅम, पिसे झडणाऱ्या दोघी २०० ग्रॅम आणि कोंबडा १२० ग्रॅम. एकूण १,७८० ग्रॅम, सांडलवंड धरून दोन किलोच्या आत. २५ किलोचे पोते तेरा-चौदा दिवस जाईल. प्रत्यक्षात नऊ-दहा दिवसांतच संपत असेल तर पोटापेक्षा जमिनीवर, चिमण्यांना आणि उंदरांना किती जाते ते आधी तपासा.

दाण्याच्या बाबतीत हात आखडता ठेवा. मक्यात प्रथिने साडेआठ टक्के, कॅल्शियम नगण्य. १७ टक्के प्रथिने आणि ३.८ टक्के कॅल्शियमचे लेयर खाणाऱ्या कोंबडीने ८० ग्रॅम खाद्य आणि ३० ग्रॅम मका खाल्ला तर तिच्या दिवसभराच्या आहारात प्रथिने उरतात १४.७ टक्के आणि कॅल्शियम पावणेतीन. एक मूठ प्रेमाने टाकलेल्या मक्याने सगळे गणित बिघडते. दाणा, उरलेले अन्न, भाजीचे देठ मिळून दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शापर्यंतच, आणि तेही संध्याकाळी, पोट खाद्याने भरल्यावर. खारट किंवा बुरशी आलेले अन्न आणि कच्चे सुके कडधान्य अजिबात नको.

घरी मिसळायचे असेल तर

सर्व वयांना चालेल अशी १०० किलोची मिसळण:

भरडलेला मका ५८ किलो
तेल काढलेली, उष्णतेने प्रक्रिया केलेली सोयाबीन पेंड २४ किलो
गव्हाचा कोंडा १४.२ किलो
डायकॅल्शियम फॉस्फेट १.५ किलो
चुनखडीची पूड १.३ किलो
मीठ ३०० ग्रॅम
डीएल-मेथिओनिन २०० ग्रॅम
जीवनसत्त्वे आणि खनिजांचे प्रिमिक्स ५०० ग्रॅम (पाकिटावर वेगळी मात्रा असेल तर ती धरा आणि फरक कोंड्यात मिळवा)

यातून प्रथिने सुमारे १८ टक्के आणि कॅल्शियम ०.९ टक्के येते. कच्चे सोयाबीन भरडून घालू नका. त्यातला घटक प्रथिने पचू देत नाही. मेथिओनिन, मीठ आणि प्रिमिक्स आधी दोन किलो कोंड्यात हाताने नीट मिसळा, मग दहा किलोत, मग साऱ्या ढिगात. थेट ढिगावर शिंपडले तर एका घमेल्यात सगळे मीठ आणि दुसऱ्यात काहीच नाही असे होते. मका दाताखाली टणकन फुटला पाहिजे. दमट मक्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष तयार होते, ते डोळ्यांना दिसत नाही आणि पिल्लांचे यकृत त्याला सर्वांत आधी बळी पडते. तयार खाद्य असो वा घरचे, जमिनीपासून वीतभर उंच फळीवर, भिंतीला न टेकवता ठेवा आणि महिन्या-दीड महिन्यात संपवा. त्यानंतर जीवनसत्त्वांचा जोर ओसरतो.

बदल करताना आणि बदल केल्यावर

एका खाद्यावरून दुसऱ्यावर आठ-दहा दिवसांत जा: पहिले दोन-तीन दिवस नवे पाव हिस्सा, मग निम्मे, मग पाऊण. लेयरवरून कमी कॅल्शियमच्या खाद्यावर येत असाल तर ग्रिटचे भांडे आठवडाभर आधी टांगा, म्हणजे कोंबड्यांना ते ओळखीचे होते. बदलाच्या पंधरवड्यात दोन-चार पातळ कवचे येतील. त्यानंतरही येत राहिली तर शोध घ्या.

पातळ कवच दिसले की सगळे ग्रिट वाढवायला धावतात, पण कारण दरवेळी तेच नसते. कडक उन्हात कोंबडी धापा टाकते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि कवचाला लागणारा कार्बोनेट कमी पडतो. शिवाय तिचे खाणेही ८०-९० ग्रॅमवर येते. तेव्हा सावली, गार पाणी आणि पहाटे व संध्याकाळी खाद्य हाच उपाय. जुन्या कोंबडीचे अंडे मोठे होत जाते, कवचाचे साहित्य तेवढेच राहते, म्हणून ते पातळ पसरते. पोते जुने असेल तर डी-३ जीवनसत्त्व उतरलेले असते आणि मग ग्रिट कितीही खाल्ले तरी अंगी लागत नाही. एकच कोंबडी पातळ अंडी देत असेल तर तिला भांड्यापाशी येऊ दिले जाते का ते बघा. बहुतेकदा ती कळपातली सर्वांत दबलेली असते.

पंधरा दिवसांतून एकदा रात्री, पक्षी दांड्यावर बसल्यावर, प्रत्येकाच्या छातीच्या हाडावर बोट फिरवा. हाड सुरीच्या धारेसारखे लागले तर त्या पक्ष्याला खाद्य पोहोचत नाही. हाड सापडतच नसेल तर तो दाण्यावर माजला आहे. पिल्लांना वजनकाट्यावर ठेवा आणि आकडा लिहून ठेवा. दोन आठवडे वजन जिथल्या तिथे राहिले तर आधी पिल्लांच्या पिंजऱ्याची फट मोजा, मग भांडे किती वेळ रिकामे राहते ते बघा आणि मग जंत व रक्ती हगवणीसाठी विष्ठा तपासून घ्या.